अक्षरांखालचा श्वास

मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूच्या तोंडी दोन शब्द येतात. ते वाचून मी पहिल्यांदा थबकलो तेव्हा मनात धर्म नव्हता, व्याकरण होते. ते शब्द म्हणजे काना आणि मात्रा. नियमशास्त्रातले बारीकात बारीक चिन्हसुद्धा वाया जायचे नाही, असे येशू डोंगरावर बसून सांगतो आहे, आणि भाषांतरकाराने त्यासाठी थेट आपल्या पाटीवरची चिन्हे उचलली आहेत.

मूळ ग्रीकमध्ये तिथे 'योटा' आणि 'केराइआ' असे शब्द आहेत. योटा हे ग्रीक वर्णमालेतले सर्वांत बारके अक्षर. त्याच्या मागे उभे आहे हिब्रूतले 'योद', ओळीच्या वरच्या अंगाला लटकलेले, आपल्या स्वल्पविरामाएवढे. केराइआ म्हणजे शब्दशः शिंगुटले, अक्षराच्या कोपऱ्याला फुटलेले टोक. हिब्रूतला 'द' आणि हिब्रूतला 'र' इतके सारखे दिसतात की मागच्या कोपऱ्यावरच्या त्या टोकावरूनच कोणता कोण ते ओळखायचे. हे शिंगुटले ध्यानात असू द्या, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

भाषांतर सुरेख आहे. मराठी माणसाला योटा सांगून काय कळणार होते? पण नवल असे की ज्या शास्त्राबद्दल येशू बोलतो आहे त्या शास्त्रात त्याच्या काळी काना नव्हता आणि मात्राही नव्हती. वेलांटी नव्हती, उकार नव्हता. हिब्रू शास्त्र जवळजवळ नुसत्या व्यंजनांत लिहिलेले होते.

म्हणजे कसे? 'म' आणि 'ळ' ही दोन अक्षरे घ्या. त्यांच्या पोटातला 'अ'सुद्धा काढून टाका, दोघांचेही पाय मोडा. आता वाचा. मळ, माळ, मूळ, मेळ, मळा, माळा, मुळा, मेळा, माळी, मोळी. यातले काय? 'म ळ, म ळ य त, ब स ल' एवढेच लिहिलेले असेल, तर माळी मळ्यात बसला की माळ्यात? की मेळाच बसला? गोष्ट आधी ठाऊक असेल तर काहीच अडचण येत नाही. आजही इस्राएलमधली वर्तमानपत्रे अशीच स्वरचिन्हांवाचून छापली जातात आणि लोक ती भरभर वाचतात. आपल्याकडे मोडीचे जाणकार काय वेगळे करतात? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. वाचणारा मजकुराचा ओघ धरतो आणि शब्द आपोआप सुटे होतात. हिब्रूत योद, वाव, हे अशी दोन-तीन व्यंजने अधूनमधून स्वरांची कामे करून मदतीला येतात, पण ती मदत अर्धीमुर्धीच.

वर्तमानपत्राचे ठीक आहे. देवाच्या वचनाचे काय करायचे?

एका अक्षराने काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 'ध'चा 'मा' झाला आणि शनिवारवाड्यात नारायणरावाचा जीव गेला, ही १७७३ सालची गोष्ट इतिहासकारांना तितकीशी पटत नसली तरी मराठी माणसाच्या मनातून ती जात नाही, कारण अक्षराच्या ताकदीची धास्ती तिच्यात साठवलेली आहे. ती धास्ती एका अख्ख्या धर्मग्रंथाला लावून पाहा. हा ग्रंथ देवाने दिला असे तुम्ही मानता. यातला शब्द न् शब्द त्याचा असे मानता. आणि शब्दाचा निम्मा भाग, म्हणजे त्याचे स्वर, पानावर नाहीतच. ते वाचणाऱ्याच्या तोंडात आहेत. मग देवाने नक्की काय दिले? अक्षरे दिली, की आवाजही दिला?

या प्रश्नाने माणसांच्या कित्येक पिढ्या जागवल्या. तो पहिल्यांदा नीट समजला तेव्हा माझीही झोप उडाली होती.

ख्रिस्ती धर्मात 'शास्त्र ईश्वरप्रेरित आहे' असे म्हणतात तेव्हा आधार दिला जातो तो बहुधा तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा. तिथे ग्रीक शब्द आहे 'थेऑप्नेउस्तॉस'. संपूर्ण नव्या करारात तो एकदाच येतो. मराठी बायबल त्याला 'परमेश्वरप्रेरित' म्हणते, आणि ते बरोबरच आहे. पण शब्द उकलून पाहिला तर आत प्रेरणा नाही, श्वास आहे. थेऑस म्हणजे देव, प्नेओ म्हणजे वाहणे, फुंकणे. देवाने श्वासलेले. देवाच्या उच्छ्वासातून आलेले.

हिब्रूत श्वासासाठी 'रुआख' शब्द आहे. वारा म्हणजे रुआख, श्वास म्हणजे रुआख, आणि आत्मा म्हणजेही रुआख. यहेज्केल संदेष्ट्याच्या सदतिसाव्या अध्यायात वाळक्या हाडांनी भरलेले खोरे आहे. हाडाला हाड जुळते, त्यावर मांस आणि कातडी चढते, तरी ती माणसे उठत नाहीत. चारी दिशांकडून रुआख येते तेव्हा उठतात. त्या एका प्रसंगात वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ एकाच शब्दातून आळीपाळीने डोकावतात, आणि मराठीत आणणाऱ्याला दर वेळी एक निवडावा लागतो. मला ते खोरे हिब्रू पानासारखे वाटते. व्यंजने ही हाडे, वाचणाऱ्याचा श्वास आत शिरला की ती उभी राहतात. यहुदी लोक आपल्या शास्त्राला 'मिक्रा' म्हणतात. हा शब्द हाक मारणे, मोठ्याने वाचणे या धातूवरून आला आहे. त्या भाषेत वाचन हीच मुळी हाक आहे.

आता याकोबाची गोष्ट. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी म्हातारा याकोब मिसर देशात मरायला टेकला आहे. मला इथे पुरू नकोस, वाडवडिलांशेजारी ने, असे तो योसेफाकडून शपथेवर कबूल करून घेतो. मुलगा शपथ वाहतो आणि म्हातारा नमन करतो. कशावर टेकून? हिब्रूत व्यंजने आहेत म, ट आणि ह. 'मिट्टा' वाचले तर बिछाना, 'मट्टे' वाचले तर काठी. हिब्रू परंपरा बिछाना वाचते: याकोब पलंगाच्या उशाकडे वाकला. पण ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ज्या यहुद्यांनी हे शास्त्र ग्रीकमध्ये नेले, त्यांना तिथे काठी दिसली. पुढे नव्या करारातले इब्री लोकांस पत्र ज्याने लिहिले तो ग्रीक भाषांतरावर वाढलेला होता. त्याच्या अकराव्या अध्यायात याकोब काठीच्या टोकावर टेकून भजन करतो.

म्हणजे एकाच बायबलच्या दोन पुठ्ठ्यांच्या आत एकच म्हातारा एकाच क्षणी पलंगाच्या उशाशी वाकतो आणि काठीवरही टेकतो. दोन्ही पुस्तके ईश्वरप्रेरित. तुमच्या घरी मराठी बायबल असेल तर दोन्ही पाने काढून बघा, पलंग आणि काठी दोन्ही आपापल्या जागी आहेत.

असल्या जागा अनेक आहेत, आणि काही तर हादरवून टाकणाऱ्या आहेत. द, ब, र ही तीन व्यंजने घ्या. 'दाबार' म्हणजे शब्द, वचन. 'देबेर' म्हणजे मरी, साथीचा रोग. हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात देव चालून येतो आहे आणि त्याच्या पुढे काहीतरी चालते आहे. हिब्रू वाचन म्हणते, मरी चालते. ग्रीक भाषांतर म्हणते, वचन चालते. अक्षर एकही बदललेले नाही.

जेरोमने हे टिपून ठेवले आहे. हा माणूस ३८६ साली बेथलेहेमला जाऊन राहिला आणि आपले उरलेले आयुष्य त्याने बायबल लॅटिनमध्ये आणण्यात घातले. ग्रीकवरून उतरवून घेणे त्याला पुरेसे वाटेना, म्हणून त्याने यहुदी शिक्षक गाठले. त्यातला एक आपल्या लोकांच्या भयाने रात्रीचा येत असे. मला ते दृश्य फार जवळचे वाटते: दिव्याच्या उजेडात दोन माणसे, मध्ये उघडे चर्मपत्र, त्यावर नुसती व्यंजने, आणि एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जाणारे स्वर. पुस्तक पैसे देऊन मिळाले असते. हे स्वर त्या माणसाने तोंड उघडल्यावाचून मिळणार नव्हते.

जेरोमच्या एका शब्दाने तर संगमरवरालाही आकार दिला. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशे सीनाय पर्वतावरून उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याला काहीतरी झालेले असते. व्यंजने आहेत क, र, न. 'कारान' म्हणजे झळकला, 'केरेन' म्हणजे शिंग. जेरोमने 'कॉर्नूता' लिहिले, शिंगे असलेला. अकराशे वर्षांनी मायकेलअँजेलोने पोप दुसऱ्या ज्युलियसच्या समाधीसाठी मोशे घडवला. रोममधल्या सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये तो आजही बसलेला आहे, दाढी छातीवर रुळते आहे आणि डोक्यावर दोन शिंगे आहेत. लोक याला जेरोमची चूक म्हणून मोकळे होतात. मला ते घाईचे वाटते. हिब्रू कवितेत शिंग म्हणजे बळ, शिंग म्हणजे वैभव, आणि जेरोमला ते चांगले ठाऊक होते. किरण आणि शिंग ही आपल्याला दोन टोके वाटतात. ज्या भाषेने दोघांना एका धातूतून काढले, तिला बहुधा कपाळातून फुटून बाहेर येणारे काहीतरी दिसत होते.

जेरोमचा समकालीन ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेत हिप्पोचा बिशप होता. त्याला जेरोमचे हे हिब्रूकडे जाणे फारसे रुचले नव्हते. त्याचा जीव ग्रीक भाषांतरावर. ते भाषांतर बहात्तर वडीलधाऱ्यांनी केले अशी कथा आहे. फिलॉन या यहुदी तत्त्ववेत्त्याने तर लिहिले आहे की त्या सर्वांच्या लेखणीतून शब्दाला शब्द सारखेच भाषांतर उतरले, जणू कोणी न दिसणारा सगळ्यांना एकदमच सांगत होता. जेरोम या कथेची थट्टा करी. पण जिथे ग्रीक आणि हिब्रू जुळत नाहीत तिथे काय करायचे, याचे ऑगस्टीनने दिलेले उत्तर मला या साऱ्या वादातले सर्वांत धाडसी वाटते. तो म्हणतो, जो आत्मा संदेष्ट्यांत होता तोच भाषांतरकारांतही होता. त्याला एक गोष्ट त्यांच्या तोंडून सांगायची असेल आणि दुसरी यांच्या. याकोबाला काठी आणि बिछाना दोन्ही देऊन टाकणारे हे मन आहे. प्रेरणा एकदा झाली आणि शाई वाळली, असे त्याला वाटतच नव्हते.

श्वास तोंडातोंडी चालत राहिला. मग भीती वाटू लागली.

यहुदी लोक देशोदेशी पांगले. हिब्रू ही घरात बोलायची भाषा राहिली नाही. ज्यांच्या कानात जुने वाचन होते ती माणसे गेली तर हाडांचे खोरेच मागे राहणार. सुमारे सातव्या ते दहाव्या शतकात गालील सरोवराच्या काठी तिबेरिया या गावी काही घराण्यांनी हे काम मनावर घेतले. त्यांना मसोरेती म्हणतात, परंपरा सांभाळणारे. त्यांच्यापुढे पेच होता. पवित्र मजकुरात एक अक्षर घालायचे नाही आणि एक काढायचे नाही. मग स्वर लिहायचे कुठे? त्यांनी ते अक्षरांच्या मधल्या रिकाम्या हवेत लिहिले. अक्षराखाली एक टिंब म्हणजे इ. आडवी दोन टिंबे म्हणजे ए. त्रिकोणात तीन टिंबे म्हणजे आखूड ए. खाली एक आडवी रेघ म्हणजे अ. ओ साठी वर एक टिंब. शिवाय पठणाच्या चढ-उतारासाठी वेगळ्या खुणा. व्यंजने होती तशीच आणि भोवती ही माशांच्या पिलांसारखी टिंबे.

त्यांची काळजी अचाट होती. एखादे रूप सबंध शास्त्रात एकदाच येत असेल तर समासात एक 'ल' लिहून ठेवायचा, म्हणजे 'असे दुसरे नाही'. कोणता शब्द किती वेळा योदसह आणि किती वेळा योदविना, त्याच्या मोजण्या. आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे वाचन एक सांगते व लिहिलेली अक्षरे दुसरेच दाखवतात, तिथे त्यांनी अक्षरांना हात लावला नाही. अक्षरे जुनीच ठेवली, टिंबे वाचायच्या शब्दाची दिली, आणि समासात टीप लिहिली. डोळ्याला एक शब्द, तोंडाला दुसरा. देवाच्या नावाच्या चार व्यंजनांखाली त्यांनी 'अदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' या शब्दाचे स्वर घातले, कारण ते नाव उच्चारायचे नाही, त्या जागी प्रभू म्हणायचे. पुढे ख्रिस्ती वाचकांनी ती व्यंजने आणि ते स्वर एकत्र वाचले, आणि युरोपात 'जेहोवा', आपल्याकडे 'यहोवा' हे रूप रूढ झाले. न उच्चारण्यासाठी केलेल्या खुणेतून एक उच्चार जन्मला आणि लाखो माणसांनी त्या नावाने प्रार्थना केल्या. त्या प्रार्थना पोचल्या नसतील असे म्हणवत नाही.

तिबेरियाच्या बेन आशेर घराण्यातल्या आहारोनने टिंबे दिलेली पोथी दहाव्या शतकातली आहे. ती पुढे सीरियातल्या अलेप्पो गावी शतकानुशतके जपली गेली, १९४७च्या दंगलीत तिची बरीच पाने गेली, आणि उरलेली आज जेरुसलेममध्ये आहेत. त्याच परंपरेतली संपूर्ण पोथी १००८च्या सुमाराची, ती सेंट पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात आहे. जगभर छापल्या जाणाऱ्या हिब्रू बायबलांचा पाया बहुतेक तीच.

टिंबे इतकी चोख बसली की ती नंतर आली हेच लोक विसरले. मोशेच्या हातीच ती दिली गेली, निदान एज्रा या शास्त्र्याच्या काळी तरी ती होतीच, असा समज पक्का झाला. १५३८ साली व्हेनिसमध्ये एलिया लेव्हिता या यहुदी व्याकरणकाराचे पुस्तक छापून आले आणि खळबळ उडाली. लेव्हिता जर्मनीत जन्मला, रोममध्ये एका कार्डिनलच्या घरी राहून त्याने त्याला हिब्रू शिकवले, १५२७ साली रोम लुटले गेले तेव्हा त्याची हस्तलिखिते गेली, आणि मग तो व्हेनिसच्या छापखान्यात आला. त्याचे म्हणणे सरळ होते. ताल्मुद या यहुदी धर्मग्रंथात या टिंबांचा उल्लेख नाही. टिंबांची नावे हिब्रू नाहीत, अरामी आहेत. सिनेगॉगमधल्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरातल्या, चर्मपटात आजही टिंबे नसतात. म्हणजे ती ताल्मुदानंतरची. मात्र लेव्हिता स्वतः भाविक होता. खूण नवी असली तरी वाचन जुने आणि खरे आहे, असेच तो म्हणत होता.

पण हे पुस्तक पडले ते धर्मसुधारणेच्या वणव्यात. प्रोटेस्टंट म्हणत होते, पोप नको, परंपरा नको, केवळ शास्त्र पुरे. त्यावर कॅथलिक पंडितांना आयते उत्तर मिळाले: तुमचे 'केवळ शास्त्र' तर टिंबांवाचून वाचताही येत नाही, आणि टिंबे माणसांच्या परंपरेने दिलेली. मग परंपरेशिवाय शास्त्र कुठून आणणार?

बासेलचा योहानेस बक्सटॉर्फ हा त्या काळचा हिब्रूचा सर्वांत मोठा ख्रिस्ती जाणकार. १६२० साली त्याने पुस्तक लिहून टिंबांचे प्राचीनत्व मांडले, आणि पुस्तकाचे नाव ठेवले 'तिबेरियास'. फ्रान्समधल्या सोम्युर इथला प्राध्यापक लुई काप्पेल प्रोटेस्टंटच होता, पण त्याला लेव्हिता पटला. त्याने आपले हस्तलिखित बक्सटॉर्फकडेच पाठवले. छापू नका, असा त्याला सल्ला मिळाला. १६२४ साली ते लेडनमध्ये लेखकाच्या नावावाचून छापले गेले. काप्पेलला शास्त्र मोडायचे नव्हते. संदर्भ धरून वाचले तर नुसती व्यंजनेही बोलतात, असा त्याचा विश्वास होता. पुढे बक्सटॉर्फच्या मुलाने, त्याचेही नाव योहानेसच, १६४८ साली वडिलांची बाजू घेऊन उत्तर लिहिले.

आणि मग १६७५. झुरिखच्या हायडेगरने लिहिलेले एक श्रद्धापत्र स्विस चर्चने स्वीकारले. पाळकांनी त्यावर सही करायची. त्यात म्हटले होते की जुन्या कराराची व्यंजनेच नव्हे, स्वरही ईश्वरप्रेरित आहेत. टिंबेसुद्धा. मग पुढे एक शब्दप्रयोग आहे, त्यापाशी मी दर वेळी थांबतो: टिंबे स्वतः, किंवा निदान टिंबांची शक्ती.

टिंबांची शक्ती! शाईचे टिंब नंतरचे असेलही, पण त्यातून जो आवाज निघतो तो पहिल्यापासूनचा. तो देवाचा. त्या कडक पत्रकात ही एक खिडकी कोणीतरी उघडी ठेवली होती. लेव्हिताने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जवळपास हेच तर म्हटले होते. हे पत्रक पुढे आणण्यात जिनिव्हाच्या फ्रांस्वा ट्युरेतिनचा पुढाकार होता, आणि १७०६ साली जिनिव्हाने सहीची सक्ती उठवली त्यामागे त्याचाच मुलगा होता. बासेलच्या मुलाने बापाची टिंबे राखली, जिनिव्हाच्या मुलाने सोडून दिली. टिंबांसाठी झटणाऱ्या बक्सटॉर्फ बापलेकांना अडाणी समजणे अन्यायाचे होईल. अक्षरावर एवढे प्रेम करणारी माणसे मला परकी वाटत नाहीत.

या वादाच्या कडेला अॅमस्टरडॅमचा स्पिनोझा उभा होता. यहुदी समाजाने १६५६ साली बहिष्कृत केलेला. टिंबे माणसांनी मागाहून दिली, त्यांना बांधून घ्यायचे कारण नाही, असे तो बेधडक म्हणे. पण याच माणसाने हिब्रूचे व्याकरण लिहायला घेतले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर १६७७ साली छापले गेले, आणि त्यात स्वर आणि व्यंजन समजावताना तो बासरीचा दाखला देतो. स्वर म्हणजे बासरीचा नाद. व्यंजने म्हणजे बोटांनी दाबायची भोके. स्वराला आपणही स्वरच म्हणतो, गाण्यातला आणि व्याकरणातला एकच शब्द, त्यामुळे हा दाखला मराठीत वाचताना जणू आपलाच वाटतो. स्वरांना हिब्रू लोक अक्षरांचे आत्मे म्हणतात, हेही तो नोंदवून ठेवतो.

ज्यांनी अक्षरे मोजली त्याच लोकांनी या मोकळ्या जागेचा आनंदही घेतला. जुने रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, अर्थ सांगताना म्हणतात, असे वाचू नकोस, तसे वाच. मोशेच्या दगडी पाट्यांवरचे लेखन 'हारूत' होते, म्हणजे कोरलेले. रब्बी म्हणतो, हारूत वाचू नकोस, 'हेरूत' वाच. हेरूत म्हणजे स्वातंत्र्य. दगडात कोरलेल्या अक्षरांबद्दलचाच शब्द, आणि तोच असा मोकळा होतो.

मराठी माणसांत ही हिब्रू टिंबे कोणी वाचली? केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी. पुराण सांगणाऱ्या घरात आईच्या तोंडून संस्कृत पाठ करत वाढलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मुळावरून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला बसली. १९२२ साली निधन होईपर्यंत हेच काम चालले होते, आणि खिळे जुळवून छापणाऱ्या आश्रमातल्याच मुली होत्या. एका मौखिक परंपरेतून आलेला कान दुसऱ्या मौखिक परंपरेची टिंबे वाचत होता, हे मला त्या भाषांतराइतकेच मोलाचे वाटते.

आणि त्याहून जुने एक नाते कोकणात आहे. बेने इस्राएल लोक सांगतात की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले गेले, आणि मराठी बोलू लागले. ग्रंथ नाही, व्यंजने नाहीत, टिंबे नाहीत. पुढे कोणी जाणता यहुदी तिथे आला तेव्हा त्याला त्यांच्या तोंडी हिब्रूची एक ओळ सापडली. 'शमा'. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली ती ओळ, इस्राएलला उद्देशून, देव एकच आहे असे सांगणारी. आज्ञांतली थोरली कोणती, असे मार्काच्या बाराव्या अध्यायात येशूला विचारतात तेव्हा तोही याच ओळीने सुरुवात करतो. बासेल आणि जिनिव्हाचे पंडित हाती सगळी अक्षरे असून स्वरांसाठी भांडत होते. इथे सगळी अक्षरे बुडाली होती आणि स्वर शाबूत होते. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले, आणि १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. ती टिंबे आता मराठीत समजावून सांगितली जात होती.

सिनेगॉगमधल्या चर्मपटात 'शमा'च्या ओळीतली दोन अक्षरे मुद्दाम मोठी लिहितात. पहिल्या शब्दाचे शेवटचे, आणि शेवटच्या शब्दाचे शेवटचे. हा शेवटचा शब्द 'एखाद', म्हणजे एक. त्यातला द मोठा, कोपऱ्याचे शिंगुटले ठसठशीत, कारण ते पुसले गेले तर द चा र दिसेल आणि वाचणारा 'आखेर' वाचेल, म्हणजे दुसरा, परका. इथे द चा र केलास तर सारे जग उद्ध्वस्त करशील, असे जुने रब्बी बजावतात. येशूने डोंगरावर ज्याचे नाव घेतले, ज्याला आपण मात्रा केले, ते हेच शिंगुटले.

'शमा' या शब्दाचा अर्थ 'ऐक'. ती ओळ म्हणायची वेळ आली की हातात ग्रंथ असला तरी यहुदी माणूस उजव्या हाताने डोळे झाकून घेतो. तो मोठा द, ते टोक, ती टिंबे, काही दिसत नाही. मग तो श्वास घेतो आणि म्हणतो.